दुसऱ्या अंकात

कोलोनियाहून सकाळची बोट.
नदी नेहमीसारखीच, दूध जास्त झालेल्या चहाची.
विल्मार, तू खिडकीशी, काखेत थर्मास,
जणू पलीकडे ब्यूनोस आयरेसमध्ये गरम पाणी मिळतच नाही.
तिकिटं लेकीने काढून दिलेली:
बोट, नाटक, पहाटेची परतीची बोट.
"बाबा, लग्नाला चाळीस वर्षं झाली,
एकदा तरी आईला घेऊन जा."
तिला काय ठाऊक, तू दोन वर्षं राहून आलायस इथे.
तिच्या जन्माआधीची गोष्ट.

उतरताच पैसे बदलले.
एवढ्याशा नोटेचं एवढं थोरलं पुडकं!
दोन खिशांत कोंबलंस, उरलेलं माझ्या पर्समध्ये,
आणि मग दिवसभर आपण श्रीमंतांसारखे चाललो,
कोटाची बटणं लावून, येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवून.

तो रुंद रस्ता लोक एका हिरव्या दिव्यात ओलांडतात,
आपल्याला तीन लागले.
मधल्या बेटावर मी एका पोराला विचारलं,
इथला तो प्रसिद्ध रुंद रस्ता कुठे आहे?
त्याने हसून पायाखाली बोट दाखवलं.
काखेत कळसा म्हणावं, तर तुझ्या काखेत खरोखरच.

मग कबरस्तान.
इथली माणसं पाहुण्यांना आधी मेलेले दाखवतात.
संगमरवरी घरं, आपल्या घराहून उंच,
दारांना पितळी कड्या,
एकात डोकावले तर आत झाडू आणि बादली.
कुणा जनरलच्या पायरीवर पिवळं मांजर ऊन खात पडलेलं.
तू टोपी काढलीस.
जनरलसाठी की मांजरासाठी, ते विचारलं नाही.

दुपारी पिझ्झा, उभ्याउभ्याच,
वर हरभऱ्याच्या पिठाची फैना.
आपल्याकडची पातळ असते, कडेला कुरकुरीत,
यावर मात्र दोघांचं एकमत झालं.
दिवसातलं पहिलं.

मग त्या गल्लीचं तोंड आलं.
कोपऱ्यावर बेकरी, वर भाड्याच्या खोल्या, हिरव्या झडपा.
"इकडे काही नाही बघण्यासारखं," तू म्हणालास,
आणि झपाझपा निघालास, गुडघा दुखतच नसल्यासारखा.
मी एकदाच मागे वळून पाहिलं.
गॅलरीत कुणाचे तरी मोजे वाळत होते.
बाईचे की बाप्याचे, लांबून कळलं नाही.

नाटकाच्या दारात थर्मास ठेवून घेतला,
बदल्यात बिल्ला, नंबर एकशे सात.
तू तो मुठीत घट्ट धरलास,
जत्रेत पोरं आईचं बोट धरतात तसा.
पडदा वर गेला, आणि तुझ्या कानातलं यंत्र
दोनदा टुकटुकलं आणि बंद पडलं.

दोन बहिणी. विकायला काढलेलं घर.
आणि बॅग घेऊन आलेला एक माणूस.
दलाल होता तो, भिंती मोजायला आलेला,
तासभर नुसता मीटरांत आणि पैशांत बोलला.
लोक खो खो हसत होते.
तू खुर्चीच्या टोकावर, पुढे झुकून,
श्वास घ्यायचा विसरल्यासारखा.

रात्री अकराला, निखाऱ्यावरच्या मांसाचा धूर
कोटात मुरत असताना, तू म्हणालास,
"नेलिदा, काय माणूस होता!
इतक्या वर्षांनी आला,
आणि बॅग उघडायचा धीरच होईना त्याला.
थोरलीला सगळं माहीत होतं, नाही का?
सुरुवातीपासून."
मी म्हटलं, हो.
"आणि शेवटी, दिवे मंद झाले तेव्हा,
तो तिला काय म्हणाला?"

म्हणाला होता, स्वयंपाकघरात ओल आहे, भाव उतरेल.

मी मांस कापत राहिले.
दोनदा विचारलंस, तेव्हा तुझ्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं,
"म्हणाला, आत येऊ का?"
"आणि ती?"
"ती कुठे काय बोलली.
बॅग उचलून आत ठेवली. तूच पाहिलंस की."

आता धक्क्यावरचं बाक. पहाट व्हायची आहे.
थर्मासातलं पाणी अजून कोमट.
पर्समध्ये, नोटांच्या खाली,
डाळीएवढ्या चार बॅटऱ्या आहेत.
दुसऱ्या अंकात रुमाल शोधताना हाताला लागल्या होत्या.
काढणारच होते,
तेवढ्यात तुझ्या चेहऱ्याकडे पाहिलं
आणि पर्स मिटली.