दहा मैलांतला एक

ऑरिनने टायरच्या खाचेत एक पेनी उलटी खोचली.
लिंकनचं डोकं रबरात बुडायला हवं होतं,
कपाळासकट अख्खा दिसला.
"बघितलंस?"
बघितलं. सहा महिने हेच बघत होते मी,
फक्त नाणं न लावता.

मग गुडघ्यावर बसून तो कडेवरचे चार आकडे वाचू लागला,
झिजल्या शिलालेखावरून बोट फिरवावं तसा:
अठ्ठेचाळीस, सतरा.
दोन हजार सतराचा अठ्ठेचाळिसावा आठवडा.
टायरलाही जन्मपत्रिका असते, मला कुठे ठाऊक.
त्या आठवड्यात मी लेमहाय नदीच्या काठी
मापनपट्टीवरचा बर्फ खरवडत असणार,
सरकारी पगारावर,
आणि गुडघे अजून माझ्या बाजूने होते.

"न चालवताही रबर म्हातारं होतं," ऑरिन म्हणाला,
"उभ्या गाडीचंसुद्धा."
हे तो टायरबद्दल म्हणाला.

भिंतीवर ओळीने टांगलेले.
एकाच्या दातांत अख्खं शेत अडकेल.
एक सभ्य, शहरी, चारचौघांत ढेकर न देणारा.
एकावर तीन शिखरं कोरलेली, मधे हिमकण.
सहा थरांचा, दहा थरांचा:
दहाचा दगडाला भीत नाही,
पण ट्रक रिकामा असला की
प्रत्येक खड्डा मणक्यापर्यंत कळवतो.
माझा हात त्या दातवाल्याकडेच गेला.

साताऱ्यात बाबांचं चपलांचं दुकान होतं.
गिऱ्हाईकाचा पाय बघायच्या आधी विचारायचे,
"चालणं कुठलं? बांधावरचं, की फरशीवरचं?"
लोक खोटं बोलायचे.
कचेरीतले कारकूनही बांधावरचे जोडे मागायचे,
आणि बाबा न हसता काढून द्यायचे.

ऑरिनने विचारलं, "कच्च्या रस्त्यावर किती?"
म्हटलं, "निम्मं."
त्याने मडगार्डवर बोट फिरवलं. धूळ होती, चिखल नव्हता.
बोट पँटला पुसलं आणि गप्प राहिला.
या गावात, सॅमनमध्ये, गप्प राहणं ही
दुकानदारीची अर्धी कला आहे.

"बरं. दहा मैलांत एक," मी म्हटलं.

वाणसामान, वाचनालय, दाताचा डॉक्टर,
आणि दीडशे मैलांवरचा विमानतळ, वर्षातून एकदा:
हे नऊ.
दहावा म्हणजे अर्लीनचा रस्ता.
चौदा मैल खडी, दोन ओढे, शेवटी एक चढण
जी मार्चमध्ये कुणाचीच नसते.
एकोणीस वर्षं माझ्या शेजारी नदी मोजली तिने;
आता तिला आकडे दिसत नाहीत, गाडी तर नाहीच.
तिची इन्सुलिन माझ्या शेजारच्या सीटवर बसून जाते,
पट्टा लावून.

"मग त्या एकासाठी घे," ऑरिन म्हणाला,
"नऊ कशावरही होतात."

हिमकणवाले घेतले. दहा थरांचे.
चारांचे अकराशे चाळीस,
जुने टाकायचे प्रत्येकी चार डॉलर वेगळे.
म्हातारपणाचीही फी असते, भरली.

चढवले तेव्हा नव्या रबराला
अंगभर बारीक काळे केस होते. जावळ.
हात फिरवून बघितला, कुणी बघत नाहीसं पाहून.
"पहिले पाचशे मैल सांभाळून," ऑरिन म्हणाला, "मग धरतील."
नवी वहाण, चावणारच.

डांबर संपलं तिथे काच खाली केली.
नवा आवाज होता, जाड, तोंडातल्या तोंडात गुणगुणणारा.
ओढे ओलांडले. चढण चढले, एकदाही न घसरता,
याचं कौतुक करायला मागे कुणी नव्हतं.

अर्लीनचं दार उघडेना.
खिडकीत ती दिसत होती, मान तिरकी करून ऐकत,
कोण परका आलाय म्हणून.

शेवटी हॉर्न द्यावा लागला.