दर दोन फुटांवर

कॅमेऱ्यात भिंत जांभळी दिसते
आणि जांभळ्यात दर दोन फुटांवर
एक पिवळी उभी पट्टी.
बुटीबोरीच्या शेडमागे, नवतपाचा चौथा दिवस,
दुपारचे साडेतीन.
बाहेरच्या पत्र्यावर थेंब सोडला
तर जमिनीपर्यंत पोचत नाही.

पट्ट्या म्हणजे लोखंड.
एक मिलिमीटरचे चॅनेल,
एक गाल बाहेरच्या पत्र्याला टेकवलेला,
दुसरा आतल्या बोर्डाला.
मधल्या कप्प्यांत आम्ही तीन इंच काचलोकर भरली
आणि कोटेशनवर त्याच तीन इंचांचा आकडा लिहिला.
ऊन कोटेशन वाचत नाही.
लोखंड सापडलं की सरळ आत येतं,
जुन्या ओळखीचा पाहुणा येतो तसं,
चपला न काढता.

पवनीचे ठवरे काका तेव्हाच बोलले होते,
"सागाची चौकट घे ना बाई.
लाकूड ऊन चघळत बसते, लोखंड नुसतं पुढं ढकलते."
साहेबांनी सागाचा दर ऐकला,
कागदाची घडी करून खिशात टाकली.
मी म्हटलं, निदान पत्रा आणि चॅनेलच्या मध्ये
बोटभर जाडीचा फोम तरी.
तोही त्याच खिशात गेला.

लोकर एकटी काही अडवत नाही.
अडवते ती तिच्यात अडकून बसलेली हवा.
म्हणून ती दाबायची नसते.
उशीत कापूस कोंबतात तशी कोंबली
की हवा निघून जाते,
मागे राहते अंगाला खाज आणणारी काच.
हे मी नव्या पोरांकडून घोकून घेते,
रोज सकाळी, चहाच्या आधी.

आणि स्विचबोर्डाच्या डाव्या हाताला
कॅमेरा लाल होतो.
मूठभर जागा.

ती मूठ माझी.

फाल्गुनात, दिवस कलताना, मेडिकलमधून फोन आला होता,
बाबांना वरच्या वॉर्डात हलवलं म्हणून.
वायरीच्या मागे लोकर बसत नव्हती.
ती मधोमध चिरायची असते,
एक पदर वायरीच्या पुढे, एक मागे,
लहान लेकराला टोपडं बांधावं तेवढा वेळ देऊन.
मी कोंबली.
वर बोर्ड, चार स्क्रू, पुट्टी.
दुसऱ्या दिवशी मी नसताना रंगही लागला.
भिंत सपाट दिसली की कोणी विचारत नाही
आत काय घाई होती.

खोली रात्रपाळीवाल्यांची आहे.
हे लोक दिवसा झोपतात.
दुर्योधन उईके, क्रेनवर असतो,
त्याची खाट भिंतीपासून वीतभर सरकवलेली,
आणि भिंतीवर खडूच्या उभ्या रेघा,
माझ्या पिवळ्या पट्ट्यांवर अगदी बरोबर बसणाऱ्या.
"कशानं मोजल्या?"
"पाठीनं," तो म्हणाला. "महिना गेला."
लाल जागी त्याने खिळा ठोकलेला,
खिळ्याला ओला टॉवेल.
"इथं काय हाये मॅडम?
अर्ध्या घंट्यात वाळून राह्यला."

तीस हजारांचा कॅमेरा मी पिशवीत ठेवला.
पेचकस मागितला.
आत लोकर तशीच होती,
माझ्या बोटांच्या चार खळग्यांसकट.
मी ती काढली. नवी आणली. चिरली.
एक पदर पुढे, एक मागे.
वायर हलवून पाहिली, पुन्हा पाहिली.
बाबा आता नाहीत, घाई कसलीच नव्हती.

लोखंडाचं मात्र काही करता आलं नाही.
खडूच्या रेघा आहेत तिथेच आहेत,
खाटही वीतभर लांबच.

पाच वाजता उईके उठला.
खिळ्यावरचा टॉवेल चाचपला,
पिळून पाहिला,
दोन थेंब फरशीवर पडले.
माझ्याकडे वळून म्हणाला,
"आता हा मी कुठं वाळवू?"