शेवटचा डबा

मल्हारगंजात पत्र्याचं थेटर, दोन आण्यांत
शनिवारचा एक भाग.
मुखवटेवाला मोटारीसकट कड्यावरून गेला
आणि पाटी: पुढच्या शनिवारी.

आठवडाभर मी आणि दिगू खासगीवाले
गणिताच्या तासाला त्याला वाचवत राहिलो.

शनिवारी कळलं, पठ्ठ्यानं आधीच उडी टाकली होती.
सरळ लबाडी. दिगू म्हणाला, "चालतं भिया."
तो उडताना पाठीची तार दिसायची,
ती आम्ही एकमेकांनाही दाखवली नाही.

शेवटच्या भागाचा डबा
रतलामला उतरला की खंडव्याला, कुणास ठाऊक.
इंदूरला आलाच नाही.
त्या टाकीत पाणी अजून त्याच्या गळ्याशीच.

दिगू गेला त्या रात्री इस्पितळात
मी घड्याळ पाहिलं नाही,
वार पाहिला.
शुक्रवार होता.