वेगळं गाडगं

माझ्या पिशवीत बावीस चित्रं आहेत, लॅमिनेट केलेली.
सातव्या चित्रात चमचा तिरका धरलाय
आणि लापशी त्यावरून ओघळत नाही.
एवढी घट्ट हवी, मी घरोघर सांगते,
चमच्यावर बसून राहील
रुसलेल्या पोरासारखी.

सहा महिने नुसतं आईचं दूध, पाणीसुद्धा नाही.
लोण्याचं बोट नको, मध तर नकोच.
हे सांगत असते तेव्हा माझ्या पांढऱ्या कोटावर
दोन ओले डाग पसरत जातात.
माझी चार महिन्यांची लेक खाली गावात,
बहिणीच्या कडेवर. दुपार टळून गेली.
ती आत्ता काय पीत असेल
ते चित्र पिशवीत नाही.

फिकिर्तेचं घर डोंगराच्या खांद्यावर.
बिन्यामला नववा महिना. दंडाला पट्टी गुंडाळली,
बाण पिवळ्यावर थांबला,
हिरव्यापासून गव्हाच्या दाण्याइतका लांब.
'काय भरवतेस?'
'टेफची पेज. पातळ. घशाशी अडकू नये म्हणून.'
दारात कोंबडी. टोपलीत पाच अंडी
गवतात निजवलेली, शनिवारच्या बाजारासाठी.
पाच अंडी म्हणजे मीठ, काडेपेटी, थोडं रॉकेल.
मी नववं चित्र काढलं, अंड्याचं.
तिनं पाहिलं, आणि हळूच पालथं ठेवलं.

मोठ्या उपासाचे दिवस. पंचावन्नातला एकविसावा.
'बाळाला उपास नसतो,' मी म्हटलं,
'हवं तर पाद्रीबाबांना विचार.'
'बाळाला नसतो. भांड्याला असतो.
आणि आमचं भांडं एकच.'

याचं उत्तर मला कुणी शिकवलं नव्हतं.
दहा दिवसांचं प्रशिक्षण, अदिसहून आलेले साहेब,
चहाच्या सुट्ट्या, आणि भांड्याबद्दल
अवाक्षर नाही.

मग कोपऱ्यातून एमामा झेवदितू उठल्या,
ज्या झोपल्यात असं आम्ही धरून चाललो होतो.
गोवऱ्यांच्या मागे हात घालून
मुठीएवढं गाडगं काढलं, काठाचा टवका उडालेला.
'याच्या बापाचं. मोठ्या दुष्काळात
यातच शिजवायचे, मिळेल ते.
मिळालं ते सांगत नाही.'
फुंकर मारली. आतला कोळी पळाला.

फिकिर्तेनं टोपलीकडे पाहिलं,
ओठातल्या ओठात हिशेब केला.
'रॉकेल राहू दे,' म्हणाली, 'लवकर निजू.'

पहिला घास बिन्यामनं थुंकला. दुसराही.
तिसरा गालात धरून बसला,
माझ्याकडे संशयानं बघत,
जणू मीच घातलंय ते अंडं.

वहीत रकाना आहे: अंडं, होय किंवा नाही.
होय लिहिलं. गाडग्याला रकाना नाही,
म्हणून समासात एक गोल काढला,
एका बाजूनं फुटका.

उतारावर पावलं आपोआप घाईची झाली.
खाली कुठल्याशा घरात मूल रडलं.
माझं नव्हतं.
माझ्या पान्ह्याला ते कळलं नाही.