रिकामा चुंबक

रामकुंडावर आम्ही पोरं
दोरीला चुंबक बांधून नाणी काढायचो.
रुपया लागायचा, आठाणे लागायचे.
जुना तांब्याचा पैसा मात्र
चुंबकाला ओळखच द्यायचा नाही.
पायरीच्या फटीत, हिरवा पडून, तो आपला तसाच.
झुंबर म्हणायचा, त्याला बुडीच मारावी लागते.
मी कधी मारली नाही.

आता अंबडला, दुसऱ्या पाळीत,
पावडरीचा डबा उघडला की आधी तोच खेळ.
कागदावर शंभर ग्रॅम पसरायची,
वरून चुंबक फिरवायचा.
रिकामा परत आला तर माल पास.
वहीत लिहायचं: लोखंड नाही.
खाली निकुंभ मॅडमची सही.

तांब्याची पावडर हातात घेतलीय कधी?
दिसायला नाचणीचं पीठ.
पीठ समजून डबा उचलावा
तर मनगट खाली येतं.
नव्वद तांबं, दहा कथील, चिमूटभर वंगण,
वीस मिनिटं घुसळायचं, मग प्रेस.
एक ठोका, एक बुश.
तांबट आळीत एका हंड्याला किती ठोके पडतात
कुणी मोजत नसेल.
इथे काउंटर आहे.

प्रेसमधून निघालेल्या बुशला ग्रीन म्हणतात.
रंग गुलाबी, नाव ग्रीन, कारण अजून कच्चा.
नखानेसुद्धा कोपरा उडतो.
नवीन आलेल्या गांगुर्डेच्या हातून पहिल्याच दिवशी
अख्खा ट्रे पडला. पोरगा पांढराफटक.
म्हटलं, भर सुपात, परत डब्यात टाक.
भट्टीच्या आधीची चूक वाया जात नाही.

भट्टी आठशे वीसवर.
पट्टा मुंगीच्या पावलाने सरकतो.
तोंडाशी ज्योत जळत असते,
तिचा रंग पाहून इक्बालभाई सांगतात
आत हवा शिरली की नाही.
तांबं वितळत नाही.
कथील वितळतं, तांब्यात मुरतं,
आणि कण कणाला धरतो,
फक्त टेकला असेल तिथेच.
मधली जागा राहते.

ती जागा मला कळली नव्हती.
मार्चमध्ये पुण्याहून चार खोकी परत आली.
पंख्याच्या मोटारीत कुरकुर करतात म्हणे.
त्या आठवड्यात प्रेस मीच लावला होता,
दाब वाढवून.
काय बुश निघाले होते!
जड, घट्ट, टेबलावर टाकले की खणखणीत.
मनात म्हटलं होतं, घ्या, याला म्हणतात माल.
मॅडमनी एक तोलला, तेलात ठेवला,
हवा ओढून घेतली, पुसून परत तोलला.
काटा जेमतेम हलला.
त्या रागावल्या नाहीत.
म्हणाल्या, "मजबूत केलास रे.
पण पिणार कुठे हा?"

तेव्हापासून प्रेसवर खडूने लिहिलंय: १८%.
एवढं रिकामं ठेवायचं.
खडू पुसला जातो, मी परत लिहितो.

घरी, कामटवाड्यात, आई ब्लाउज शिवते.
तिच्या जुन्या मशीनची तेलाची चोच
अजून खिडकीत असते.
कुणाच्या तरी अस्तरावर डाग पडायचाच.
मोटार बसवली तरी सवय जाईना.
मी म्हणतो, तिला नको गं वरून तेल,
तिच्या पोटात आहे.
ती म्हणते, बरं, आणि एक थेंब टाकते.

काल रात्री वीज गेली.
पंखा दोन-चार फेऱ्या अजून फिरला, मग थांबला.
मी अंधारात पडून होतो,
हात लिंबाने धुतलेले, तरी रेषांत तांबूस.
फिरताना बुश तापतो, तेल बाहेर येतं.
थांबला की निवतो,
आणि तेच तेल परत आत जातं,
एकेका भोकात, आवाज न करता.
मी ऐकायचा प्रयत्न केला.
शेजारचं कुत्रं तेवढं भुंकलं.

वीज आली.
आई झोपेतच म्हणाली,
"एकवर ठेव रे पंखा,
गारठा आहे."