तीन तारा

विट्यात सोमवारी माग बंद.
त्या दिवशी कळतं,
भिंतीवरच्या घड्याळालाही आवाज आहे.

निशिगंधा उंबऱ्यात बसलीय, उजेडाकडे तोंड करून.
आयटीआयच्या फाइलला नमुना लावायचाय:
उशीच्या अभ्र्याची कड, शिडीची जाळी.
सुईच्या टोकानं ती एक आडवा धागा उचलते,
कात्रीनं तोडते आणि ओढते,
हळू, भाकरीतला केस ओढावा तसा.
कापड चुण्या पाडतं, मग सोडून देतं.
दुसरा. तिसरा. असे सहा.

मला बघवेना.
बावीस वर्षं मी धागे घालतोय,
धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं,
आणि आडवा चुकला, उभी तुटली,
की घडीखात्यात ताग्यावर लाल खडू,
शनिवारी हिशेबातून पैसे वजा.
आणि ही पोरगी मुद्दाम!
"यात कापड कुठं ऱ्हायलं?"
"उभं ऱ्हायलंय की," ती म्हणाली.

खरंच. आडवं निघालेल्या जागी नुसत्या उभ्या तारा,
एकमेकींना न धरता,
बीमवर असतात तशा, फणीत शिरायच्या आधी.
तयार कापडात त्या इतक्या मोकळ्या
मी कधी पाहिल्या नव्हत्या.

मग तिनं चार मोजल्या, सुई मागून घातली,
चौघींच्या कमरेला दोरा आवळला,
काठात एक बारीक टाका.
पुढच्या चार. पुढच्या चार.
शाळूच्या पेंढ्या बांधून
बांधाकडेला उभ्या करत जावं, तसं.

"थांब. हितं तीनच उचलल्यास."
"तीनच हायत," मान वर न करता ती.
"चौथी आधीपासनंच न्हाई. खालपर्यंत बघा."

मी कापड उजेडात धरलं.
भांगासारखी बारीक फट,
या टोकापासून पार त्या टोकापर्यंत.
तार तुटली होती
आणि माग चालतच राहिला होता.

तुकडा मीच आणलेला, आमच्याच शेडचा.
सात नंबर माझा, आठ नंबरही माझा.
रात्रपाळी असणार. कुठं होतो मी?
चहाला? की उभ्या उभ्या,
खांबाला टेकून, डोळे उघडे ठेवून?
खडू काही इथवर पोचला नव्हता.

"दुसरा तुकडा आणू का? बाईंना दिसंल."
"कशाला?" ती म्हणाली
आणि तिघींच्या भोवती दोरा घेतला,
जरासा सैल,
जागा चौघींचीच ठेवून.