नऊशे बारा

एकतीस डिसेंबर. सोनेरी कार्डाला
नऊशे बारा मैल कमी,
तेन्होच्या वहीत लाल शाईने.
म्हणून हेल्सिंकीहून किट्टिला,
आणि त्याच विमानाने माघारी.

गेटवरची रीत्वा, शाळेतली, विचारते :
"आईकडे ना?"
"पुढल्या खेपेला. चाळीसच मिनिटं आहेत."

आई सात मैलांवर, नदीपलीकडे.
त्या वाटेचे
कुठल्याच खात्यात जमा होत नाहीत.

विमान उठतं. दुपारी दोनलाच काळोख.
खाली एक खिडकी पिवळी,
तिचीच असावी, किंवा
शेजारच्या रेनडिअरवाल्याची.

तो वही उघडतो. आजचे हजार.
अठ्ठ्याऐंशी जास्तीचे!
खूश होतो.
पेन मात्र मिटत नाही,
हिशेब चालूच :
जाऊन-येऊन चौदा, म्हणजे
आईकडच्या सहा खेपा,
वर चार मैल शिल्लक.